कंटूर प्लॉटमध्ये नसलेली वर्तुळे दिसली तर काय तपासायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साइन(क्ष² + य²) या फंक्शनचा कंटूर प्लॉट (सारखी किंमत असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषांचे चित्र) तुम्ही −१० ते १० या चौकोनात काढला, दोन्ही दिशांना ५० बिंदू घेतले. मधली वर्तुळे अपेक्षेप्रमाणे आली, पण बाजूंना आणि कोपऱ्यांकडे आणखी आठ ठिकाणी वर्तुळांचे संच उमटले. सूत्राप्रमाणे तिथे कुठलेही वेगळे केंद्र असायला नको. स्मूदिंग चालू केल्यावर रेषा गुळगुळीत झाल्या, आगंतुक वर्तुळे मात्र जागची हलली नाहीत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच चित्र आले. मग सूत्र चुकले की सॉफ्टवेअर, असे तुम्ही विचारले आहे.

सूत्र बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरही. चुकला आहे तो ५० हा आकडा. पण "बिंदू वाढवा" एवढेच सांगून थांबलो तर पुढच्या वेळी वेगळ्या फंक्शनवर तुम्ही पुन्हा अडाल, कारण तिथे बिंदू वाढवूनही चित्र सुधारणार नाही. उष्णता आणि प्रवाहाच्या गणितांचे निकाल आलेखात उतरवण्याचे काम मी वीसेक वर्षे करतो आहे. बिघडलेला कंटूर समोर आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: ग्रिड, म्हणजे किमती काढायच्या बिंदूंची जाळी, बदलल्यावर यातले काय हलते आणि काय जागेवर राहते? बाकीचा तपास त्या उत्तरावरून ठरतो.

आधी सॉफ्टवेअर आत काय करते ते पाहू. त्याला तुमचे फंक्शन "दिसत" नाही. ते ग्रिडच्या बिंदूंवर किमती काढते आणि नंतर प्रत्येक लहान चौकटीच्या फक्त चार कोपऱ्यांकडे बघते. समजा एका चौकटीत खाली डावीकडे १, खाली उजवीकडे ५, वर उजवीकडे ७ आणि वर डावीकडे ३ आहे, आणि ४ या पातळीची रेषा काढायची आहे. खालच्या कडेवर १ पासून ५ पर्यंत जाताना ४ ही किंमत पाऊण अंतरावर येईल असे ते धरते. वरच्या कडेवर ३ पासून ७ पर्यंत जाताना ती पाव अंतरावर येते. डाव्या कडेवर दोन्ही किमती ४ पेक्षा कमी, उजव्या कडेवर दोन्ही जास्त, म्हणून तिथे काही नाही. खालचा आणि वरचा बिंदू सरळ रेषेने जोडला की त्या चौकटीचे काम संपले. त्याच चौकटीच्या मधोमध फंक्शन ५० पर्यंत उसळून खाली आले असेल, तर त्याचा सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही. नकाशावरच्या समोच्च रेषा पाहायची सवय असते, म्हणून आपण कंटूरला प्रत्यक्ष मोजणी समजतो. खरे तर त्यातला प्रत्येक तुकडा कोपऱ्यांवरून बांधलेला अंदाज असतो.

चार कोपरे, प्रत्येक एक तर पातळीच्या वर किंवा खाली, म्हणजे एकूण १६ शक्यता. त्यातल्या दोन शक्यतांमध्ये उत्तर एकच नसते: समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली. अशा चौकटीत दोन तुकडे दोन वेगळ्या पद्धतींनी जोडता येतात. बरीच सॉफ्टवेअर चार कोपऱ्यांची सरासरी काढून निवाडा करतात, काही चौकटीचे त्रिकोण पाडतात. क्ष × य = ० चा प्लॉट काढा. उत्तर म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन अक्ष. पण बिंदूंची संख्या सम असेल तर उगम, म्हणजे (०, ०) हा बिंदू, एका चौकटीच्या मधोमध येतो आणि तिथे छेद न दिसता एकमेकींना टाळून वळणाऱ्या दोन रेषा दिसतात. दोन सॉफ्टवेअरनी नेमक्या अशा जागी वेगळे चित्र दिले तर घाबरू नका. तिथे दोघांनीही अंदाजच केलेला असतो.

आता तुमच्या आठ वर्तुळांकडे येऊ. ५० बिंदूंमध्ये ४९ अंतरे, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमध्ये २० ÷ ४९, साधारण ०.४०८. क्ष अक्षाच्या दिशेने जाताना साइनच्या कंसातली किंमत क्ष² ने वाढते, म्हणून एका बिंदूवरून पुढच्या बिंदूवर ती अंदाजे २ × क्ष × ०.४०८ ने पुढे जाते. क्ष = ७.७ च्या आसपास हा गुणाकार ६.२८, म्हणजेच २π होतो. प्रत्येक पावलाला साइनचा एक पूर्ण फेरा झाला की किंमत जिथल्या तिथे राहते. पडद्यावर धावत्या गाडीचे चाक थबकल्यासारखे दिसते, तसाच हा प्रकार. फंक्शन तिथे वेगाने वरखाली होत असते, पण तुमच्या बिंदूंना ते शांत वाटते. म्हणून तिथे वर्तुळांचे केंद्र असल्याचा भास होतो. य दिशेलाही हेच लागू. मिळून (±७.७, ०), (०, ±७.७) आणि (±७.७, ±७.७) अशा आठ जागा झाल्या. तुमच्या चित्रातल्या केंद्रांवर पट्टी ठेवून पाहा, आकडे जुळतील.

हे भास आहेत याची खात्री दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार: खरे केंद्र असेल तर तिथे फंक्शनचा उतार शून्य हवा. (७.७, ०) वर उतार काढला तर त्याचे मूल्य सुमारे १४ येते, शून्याच्या जवळपासही नाही. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण तो सूत्र माहीत नसतानाही चालतो. ५० ऐवजी ६१ बिंदू घ्या. आगंतुक केंद्रे ७.७ वरून ९.४ वर सरकतील. मधले केंद्र उगमावरच राहील. फंक्शनमध्ये जे खरोखर आहे त्याला तुम्ही किती बिंदू घेतले याच्याशी देणेघेणे नसते, त्यामुळे ग्रिडबरोबर जे चालू लागते ते ग्रिडचेच.

ही तपासणी करताना ५० चे सरळ १०० करू नका. तुमच्या उदाहरणात १०१ बिंदू घेतले तर भास १५.७ वर, म्हणजे चौकोनाबाहेर जातात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण तेव्हा ७.८५ च्या आसपास शेजारच्या बिंदूंच्या किमती आलटून पालटून धन-ऋण येतात आणि तिथे चटईच्या विणीसारखी नक्षी उमटते. मी ५०, ६१, ८३ असे एकमेकांशी नाते नसलेले आकडे घेतो आणि तिन्ही चित्रे शेजारी ठेवतो.

मग किती बिंदू पुरे? हे फंक्शनवर अवलंबून आहे, आणि एक किंमत काढायला किती वेळ लागतो यावरही. तुमच्या चौकोनात कडेला, क्ष = १० जवळ, एका लाटेची लांबी २π ÷ २०, म्हणजे ०.३१ आहे. लाटेमागे दोन बिंदू ही सैद्धांतिक किमान मर्यादा झाली, पण तेवढ्यात कंटूरचा आकार येत नाही. माझ्या अनुभवात सहाच्या खाली गेले की रेषा करवतीसारख्या होतात. ०.०५ चे अंतर ठेवले तर लाटेमागे सहा बिंदू मिळतात, म्हणजे दोन्ही दिशांना ४०१ बिंदू. एकूण १,६०,८०१ किमती झाल्या. सूत्र असेल तर हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. पण प्रत्येक किंमत काढायला एक सेकंद लागणारे सिम्युलेशन असेल तर जवळजवळ ४५ तास लागतील. तिथे मी संपूर्ण चौकोन दाट करत नाही. विरळ ग्रिडवर संशयाची जागा शोधतो आणि तेवढाच तुकडा दाट ग्रिडने पुन्हा काढतो.

मूळ सेटिंग काय आहे तेही एकदा पाहून घ्या. ग्नूप्लॉटमध्ये आयसोसॅम्पल्स (ग्रिडच्या रेषांची संख्या) मुळात १० असतात. फंक्शनचा कंटूर तेवढ्यावर काढला तर तो ओबडधोबड येणारच. मॅटलॅबच्या एफकंटूरमध्ये मेशडेन्सिटी (प्रत्येक दिशेतल्या बिंदूंची संख्या) ७१ आणि एफइम्प्लिसिटमध्ये १५१ असते. मॅथेमॅटिकात प्लॉटपॉइंट्स आणि मॅक्सरिकर्शन असे दोन आकडे हाताशी असतात आणि त्यातला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. पहिला आकडा सुरुवातीची ग्रिड ठरवतो. दुसरा, जिथे काही घडताना दिसते तिथे ती ग्रिड किती वेळा आणखी फोडायची ते ठरवतो. "घडताना दिसते तिथे" हे शब्द महत्त्वाचे. २० रुंदीच्या चौकोनात ०.१ त्रिज्येचे एखादे छोटे बंद वळण सुरुवातीच्या बिंदूंमधून निसटले, तर मॅक्सरिकर्शन कितीही वाढवा, ते सापडण्याची खात्री नसते. तिकडे बघायचे कारणच सॉफ्टवेअरला मिळालेले नसते. म्हणून काही गायब आहे अशी शंका असेल तर पहिला आकडा वाढवा. रेषा सापडली आहे पण खडबडीत आहे, तर दुसरा.

स्मूदिंगने काही का बदलले नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चुकीच्या बिंदूंमधून स्प्लाइन (गुळगुळीत वक्ररेषा) काढली की चुकीचीच रेषा गोंडस होते. शिवाय दोन वेगळ्या पातळ्यांच्या रेषा स्वतंत्रपणे गुळगुळीत केल्या तर त्या एकमेकींना छेदू शकतात, आणि एकाच जागी फंक्शनच्या दोन किमती असणे तर शक्यच नाही. तपास चालू असेपर्यंत स्मूदिंग बंद ठेवा. खडबडीत रेषेवरून ग्रिड कुठे अपुरी आहे ते कळते, आणि स्मूदिंग नेमकी तीच खूण पुसून टाकते.

आता ज्या बिघाडांवर बिंदू वाढवून उपयोग होत नाही ते बघू.

(क्ष − य)² = ० चा प्लॉट काढायला सांगितला की बहुतेक वेळा कोरे चित्र किंवा तुटक ठिपके मिळतात. वरची चौकटीची रीत आठवा: एक कोपरा पातळीच्या वर आणि शेजारचा खाली असेल तरच रेषा काढली जाते. वर्ग कधीच ऋण होत नाही, म्हणून चिन्ह बदलत नाही आणि रेषाही येत नाही. इथे वर्ग काढून टाकून क्ष − य = ० असा प्लॉट काढावा लागतो. फंक्शन एखाद्या पातळीला नुसते स्पर्श करून परत फिरत असेल तिथे सगळीकडे हाच धोका असतो.

१/(क्ष − य) = ० चे याच्या नेमके उलट होते. या समीकरणाला उत्तरच नाही, पण क्ष = य च्या एका बाजूला किंमत प्रचंड धन आणि दुसऱ्या बाजूला प्रचंड ऋण असते. चिन्ह बदललेले दिसताच सॉफ्टवेअर मध्ये रेषा ओढते. ग्रिड कितीही दाट केली तरी ती रेषा जात नाही, उलट अधिक रेखीव होते. "ग्रिड बदलून जे टिकते ते खरे" हा माझा नियम इथे फसतो, म्हणून भागाकार किंवा टॅन दिसला की मी आधी समीकरण बदलून घेतो. टॅन(य) = क्ष ऐवजी साइन(य) = क्ष × कॉस(य) लिहा. उत्तरे तीच राहतात आणि खोट्या रेषा जातात. समीकरण बदलणे शक्य नसेल तर रेषेच्या दोन्ही बाजूंच्या किमती छापून पाहा. खऱ्या रेषेजवळ त्या पातळीकडे सरकतात, खोट्या रेषेजवळ पातळीपासून दूर पळतात.

कोनाचा कंटूर हाही याच जातीचा. −π ते π असा कोन काढला की ऋण क्ष अक्षावर किंमत एकदम π वरून −π वर उडी मारते आणि सगळ्या पातळ्यांच्या रेषा तिथे दोरखंडासारख्या एकत्र येतात. वाऱ्याची दिशा ० ते ३६० अंशांत असेल तर ० पाशी हेच होते. कोनाऐवजी त्याच्या साइनचा आणि कॉसचा वेगवेगळा प्लॉट काढा.

चौथा बिघाड पातळ्यांचा. तो सगळ्यात जास्त वेळा भेटतो आणि सगळ्यात कमी वेळा ओळखला जातो. रोझेनब्रॉकचे फंक्शन घ्या: (१ − क्ष)² + १००(य − क्ष²)², क्ष −२ ते २ आणि य −१ ते ३. कोपऱ्यात किंमत २५०९ पर्यंत जाते, पण वाकड्या दरीच्या तळाशी ती ९ च्या वर जात नाही. सॉफ्टवेअरने समान अंतराच्या दहा पातळ्या निवडल्या तर पहिलीच पातळी २५० च्या आसपास पडते आणि जिचा अभ्यास करायचा ती अख्खी दरी एकाच रिकाम्या पट्ट्यात बुडते. (१, १) हा किमान बिंदू चित्रात कुठे आहे हे कुणालाही सांगता येणार नाही. पातळ्या स्वतः द्या: ०.१, १, १०, १००, १०००. आता १ या पातळीची रेषा बघा. क्ष = १ जवळ तिची य दिशेतली रुंदी फक्त ०.२ आहे, आणि दरी तिथे तिरकी असल्याने दरीला काटकोनात मोजली तर ०.१ हूनही कमी. ग्रिडचे अंतर ०.१ असेल तर ती एकसंध न दिसता मण्यांच्या माळेसारखी तुटक बेटे दिसतात. कितीतरी जण त्या बेटांना वेगवेगळे किमान बिंदू समजतात. पातळ्या सुधारल्यावर ग्रिडचा दोष उघड होतो, म्हणून दोन्ही तपासण्या याच क्रमाने करा.

भरीव, म्हणजे रेषांमध्ये रंग भरलेल्या, कंटूरमध्ये पांढरे डाग दिसले तर बहुधा किमती शेवटच्या पातळीच्या पलीकडे गेलेल्या असतात. मॅटप्लॉटलिबमध्ये एक्सटेंड हा पर्याय दोन्ही बाजूंना लावला की ते भरले जातात.

सूत्र न वापरता मॅट्रिक्स देऊन प्लॉट काढत असाल तर रो आणि कॉलमची अदलाबदल तपासा. मॅटप्लॉटलिब आणि मॅटलॅब दोन्हीकडे रो म्हणजे य आणि कॉलम म्हणजे क्ष असे धरले जाते. नमपायच्या मेशग्रिडला (ग्रिड बनवून देणाऱ्या आज्ञेला) इंडेक्सिंग 'आयजे' दिले की हे उलटते. एकदा धातूच्या पत्र्याच्या तापमानाचा प्लॉट काढताना मी हीच चूक केली होती. ग्रिड १०० × १०० होती, त्यामुळे कुठलाही एरर आला नाही, चित्रही देखणे होते. फक्त तापलेला कोपरा समोरच्या कोपऱ्यात गेला होता, आणि मी दोन दिवस सीमेवरच्या अटी तपासत बसलो. तेव्हापासून मी मुद्दाम ६० × ८० अशी असमान ग्रिड घेतो. उलटसुलट झाले तर प्रोग्राम लगेच अडतो. दुसरा उपाय म्हणजे फंक्शनच्या जागी नुसता क्ष ठेवून प्लॉट काढणे. रेषा उभ्या आल्या तर सगळे जागेवर, आडव्या आल्या तर दोष सापडला.

राउंडिंगचा, म्हणजे संगणक आकडे ठरावीक अंकांपुरतेच ठेवतो त्याचा, त्रास क्वचित होतो, पण त्याची लक्षणे वेगळी आहेत. (क्ष − य)⁶ विस्तार करून लिहिले आणि क्ष = य = १ च्या अगदी जवळ, फरक ०.००५ इतका असताना पाहिले, तर खरी किंमत ०.०००००००००००००१६ च्या घरात असते. संगणकाच्या दुहेरी अचूकतेत पंधरा-सोळा अंकच असतात, त्यामुळे किंमत आणि चूक जवळपास सारख्याच मापाची होते. कंटूरवर मीठ-मिरी शिंपडल्यासारखे दिसते आणि ग्रिड दाट केली की ते शिंपण आणखी दाट होते. इथे सूत्र अवयवांच्या रूपात लिहा किंवा जास्त अंकांनी गणित करा.

किमती मोजून आणलेल्या असतील, म्हणजे विखुरलेल्या तीस-चाळीस जागांवरची निरीक्षणे, तर वरचे बरेचसे सल्ले लागू पडत नाहीत. तिथे नवे बिंदू मागता येत नाहीत. चाळीस निरीक्षणांवरून ५०० × ५०० ची ग्रिड इंटरपोलेट केली, म्हणजे मधल्या किमती अंदाजाने भरल्या, तरी माहिती चाळीसच जागांची राहते. अशा वेळी मी मोजणीचे बिंदू कंटूरवरच ठिपक्यांनी दाखवतो आणि ठिपक्यांच्या बाहेरचा भाग झाकून टाकतो. मग इंटरपोलेशनच्या दोन वेगळ्या पद्धतींनी चित्र काढून पाहतो. दोन्हींत सारखे दिसते तेवढेच अहवालात लिहितो. एखादे वर्तुळ फक्त एका ठिपक्याभोवती उठले असेल तर ती मोजणी पुन्हा करायला सांगतो.

तुमच्या प्लॉटसाठी शेवटची एक मोजणी सुचवतो, तीत अंदाजाला जागा नाही. ० पातळीची वर्तुळे कुठे हवीत हे सूत्रावरूनच कळते: त्रिज्या म्हणजे π, २π, ३π यांची वर्गमुळे. १० त्रिज्येच्या आत अशी ३१ वर्तुळे बसतात, शेवटचे ९.८७ वर. म्हणजे क्ष अक्षालगतच्या ओळीत उगमापासून उजव्या कडेपर्यंत चिन्ह ३१ वेळा बदलायला हवे. तुमच्या ५० बिंदूंपैकी उजव्या अर्ध्यात २५ बिंदू येतात, त्यांच्यात २४ अंतरे, म्हणून चिन्ह २४ हून जास्त वेळा बदललेले दिसणे शक्यच नव्हते. ४०१ बिंदूंचा प्लॉट काढा, फक्त ० ही पातळी ठेवा, स्मूदिंग बंद करा आणि उजव्या अक्षावर रेषा मोजा. ३१ भरल्या तर चित्र बरोबर आहे. कमी भरल्या तर तुमचे फंक्शन, टोके आणि ग्रिडचे आकडे जसेच्या तसे कळवा, मी माझ्याकडे चालवून बघतो.